दोन ताटांचा पाट

मित्रांनो, मला नीट बघा. खाली शिसवीचा पाट, मागे टेकायला दुसरा पाट, पुढे ताट ठेवायला तिसरा, आणि त्या तिसऱ्याच्या कडेला जोडलेली वेगळ्याच रंगाची आंब्याची फळी. पोटाला स्क्रूची भोकं, त्यातली दोन तर चुकीच्या जागी पाडलेली. बघणारे आधी हसतात. म्हणतात, हे काय ठिगळ लावलेलं! माझं डोकं तापतं. डोकं नाही मला, तरी तापतं. म्हणून म्हटलं, एकदा सगळं सांगूनच टाकावं.

मी जुना आहे. काशीत मंगला गौरीजवळच्या गल्लीत आपली मराठी घरं आहेत ना, तिथल्या इंदूमावशीच्या लग्नात माझा जन्म झाला. मिस्त्रीनं एकाच ओंडक्यातून आम्हा तिघांना कापलं, घासलं, कोपऱ्यांना पितळी फुल्या ठोकल्या. मी बसायचा. थोरला पाठीमागे भिंतीशी उभा राहायचा, टेकायला. धाकटा ताटाखाली. तिघं एकत्र मांडले की समजायचं, आज घरात मानाचा माणूस जेवायला आहे. बाकीच्यांना नुसता एक पाट, नाहीतर सतरंजी. तिघांचा मान फक्त जावयाला, व्याह्याला आणि फार मोठ्या शास्त्रीबुवांना.

काय दिवस होते! अधिक महिन्यात जावई यायचे. मावशी आम्हाला तेल लावून असं चकचकीत करायची की माझ्यात तोंड दिसायचं. मग रांगोळी, उदबत्ती, आग्रह. मी किती जावयांचं वजन पेललं असेल! कुणी हलका, कुणी असा की मी मनात म्हणायचो, बाबा रे, आता पुरे, अजून एक अनारसा खाल्लास तर मी मोडतो.

मग घरात टेबल आलं. खुर्च्या आल्या. गुडघे दुखतात म्हणे सगळ्यांचे. मला स्वयंपाकघरात गॅसच्या सिलिंडरखाली सरकवलं. थोरल्याला गच्चीच्या दाराला अडसर म्हणून लावलं, माकडं आत येऊ नयेत म्हणून. धाकटा इन्व्हर्टरच्या बॅटरीखाली गेला, तिथं त्याच्या अंगावर ॲसिडचे डाग पडले. तुम्हीच सांगा, ज्यानं जावई बसवले त्याच्यावर सिलिंडर? मी काही बोललो नाही. लाकूड काय बोलणार. पण सिलिंडर बदलायला माणूस यायचा, तो मला लाथेनं सरळ करायचा, तेव्हा मला असला राग यायचा ना!

पण त्या सिलिंडरखाली बसूनच मी निवेदिताला पहिल्यांदा ऐकलं. म्हणून त्याला आता माफ केलंय. अर्धंच.

निवेदिता म्हणजे इंदूमावशीची भाची. मुन्शी घाटाच्या वर एका गल्लीत तिनं तळमजल्याची खोली भाड्यानं घेतलीय. तिथं ती आणि तिची माणसं पोरांसाठी वस्तू बनवतात. कुठल्या पोरांसाठी? ज्यांना चालता येत नाही, धरता येत नाही, बसता येत नाही, आणि ज्यांच्या घरी अशा वस्तू विकत घ्यायची ऐपत नाही, अशांसाठी. जाड मुठीचा चमचा, न सांडणारा पेला, एका हातानं उघडणारं दप्तर. दुकानात असलं काही मिळत नाही. मिळालं तरी ते मोठ्या शहरातल्या मोठ्या घरांसाठी असतं.

त्या दिवशी ती आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मावशी पोळ्या लाटत होती.

"काय गं, तोंड का पाडलंयस?"

"खुर्ची नापास झाली, मावशी."

"कुठली? ती चाकांची? अगं, इतके महिने तर तीच करत होतात ना?"

"तीच. कुशलच्या घरी जायला घाटाच्या पायऱ्या. वर गल्ली एवढीशी. त्यात गाय उभी. चाकं फिरणार कुठं? त्याची आई खुर्चीपण उचलते आणि पोरालापण. म्हणजे आम्ही तिचं ओझं वाढवून ठेवलं."

कुशल साहनी हा गंगा नावाच्या बाईचा मुलगा. घरात नाव वल्हवायचं काम. कुशल सहा-सात वर्षांचा. जन्मताना त्याचा श्वास अडकला, तेव्हापासून मान, पाठ आणि हात त्याच्या मनासारखे चालत नाहीत. कळतं सगळं. हसतो तर असा की नाव हलावी. पण बसवलं की एका बाजूला कलंडतो. आडवं ठेवून भरवलं तर घास घशात अडकतो. म्हणून गंगा त्याला मांडीवर आवळून धरायची आणि भरवायची. एका हातानं मान, एका हातानं घास. तिचं स्वतःचं जेवण मग कधीतरी, गार.

"आणि शाळेचं काय?" मावशीनं विचारलं.

"अंबिका मॅडम म्हणतात, बसून जेवता आलं तर आणा. खोलीभर पोरं आणि त्या एकट्या. घास अडकला तर कोण धावणार? त्यांचं काही चुकत नाही, मावशी. पण शाळा नाही तर तो जन्मभर त्या खोलीत छताकडे बघत पडणार."

मित्रांनो, एवढीच गोष्ट होती. कुशलनं बसून जेवायचं. आपल्याला वाटतं, त्यात काय. पण त्याची शाळा त्या एका घासावर अडली होती.

मावशीनं पोळी तव्यावर टाकली आणि सहज बोलून गेली, "अगं मग जावयासारखा बसव की त्याला! खाली पाट, पाठीला पाट, ताटाखाली पाट. आमचे इंदूरचे भावोजी आठवतात? पोटभर जेवून तिथंच डुलक्या काढायचे. घोरायचेसुद्धा. पण कधी कलंडले का?"

निवेदिता हसली. मग एकदम हसायची थांबली.

"मावशी, ते पाट कुठं आहेत?"

"कुठले? ते? असतील कुठंतरी."

निवेदिता वाकली. सिलिंडरखाली बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्या पितळी फुलीवरची धूळ अंगठ्यानं पुसली आणि म्हणाली, "हा घेते. बाकीचे दोन पण."

"घेते म्हणजे? काय करणार?"

"जोडणार. बिजागऱ्या, स्क्रू."

"भोकं पाडणार?" मावशीचं लाटणं थांबलं. "माझ्या लग्नातले पाट आहेत ते! सोवळ्यातले!"

"सिलिंडर सोवळ्यातला आहे का, मावशी?"

मी जर टाळ्या वाजवू शकलो असतो ना! तव्यावरची पोळी करपली. मग मावशी फणकाऱ्यानं म्हणाली, "ने. ने सगळंच. पण असे कळकट नाही न्यायचे. आपल्या घरातून गेलेली वस्तू नीट दिसली पाहिजे. लोक काय म्हणतील?"

आणि तिनं आम्हा तिघांना पॉलिश करून मगच पाठवलं. तिच्या मनात चांगलंच होतं. पण पुढची फजिती त्यातनंच झाली.

निवेदिताच्या खोलीत शिरल्यावर मी आधी भिंत बघितली. खोलीत शिरताच समोर येते ती. त्या भिंतीवर सगळ्या नापास वस्तू टांगलेल्या. चाकांची खुर्ची पण. प्रत्येकीच्या खाली खडूनं लिहिलेलं, ही का नापास झाली. पाहुणा आला तरी निवेदिता ती झाकत नाही. उलट आधी तिथंच नेते. मी घाबरलो. म्हटलं, आता आपणही या खिळ्यावर.

पण मित्रांनो, मी बारकाईनं बघत होतो, आणि बघता बघता मला ही बाई आवडायला लागली. तिचे नियम होते. जो वस्तू बनवेल त्यानं आधी स्वतः ती वापरायची, पोराला मागनं. चमचा केला तर हाताला फडकं गुंडाळून त्या चमच्यानं खिचडी खायची. एका वेळी एकच बदल करायचा. दोन केले तर कुठल्यानं काम झालं ते कळत नाही, असं तिचं म्हणणं. आणि पोराच्या घरी जाऊन बघायचं. पोराला खोलीत बोलावून नाही.

तिच्याबरोबर ऋतुराज होता. रेल्वेतल्या साहेबांचा मुलगा, युनिव्हर्सिटीत शिकून आलेला. कॉम्प्युटरवर अशी चित्रं काढतो की लाकूड आपोआप लाजेल. चाकांची खुर्ची त्याचीच. ती भिंतीवर गेली म्हणून तो माझ्यावर खार खाऊन होता.

"ताई, आपण पाट बनवणार?" तो म्हणाला. "माझी आजीसुद्धा बनवेल."

"तुझ्या आजीला बोलाव मग," निवेदिता म्हणाली. "तोवर तू बिजागरी लाव."

लावली त्यानं. तोंड वाकडं करून, म्हणून दोन भोकं चुकीच्या जागी. सांगितलं ना मघाशी. पण शेवटी आम्ही तिघं जोडलो गेलो. धाकट्याला चार आखूड पाय आले. आता आम्ही तिघं मिळून मी.

पहिल्यांदा कुशलच्या घरी गेलो. घाटावरून थोडं वर, एक खोली. दारात वल्ही उभी. मला भिंतीशी मांडलं. गंगानं कुशलला उचलून माझ्यावर ठेवलं. आणि कुशल सर्रकन घसरून धाकट्याच्या खाली गेला. घाटावरून नाव पाण्यात सोडतात ना, तसा.

"दीदी, ई त सरक गइल!" गंगा ओरडली.

कुशल आतनं खदाखदा हसत होता. त्याला वाटलं, हाच खेळ आहे. पुन्हा बसवलं, पुन्हा घसरला. मावशीचं पॉलिश! पंगतीत पाट चकचकीत असला की शोभा. जावई काय, मांडी घालून घट्ट बसतो. पण ज्याची पाठच त्याचं ऐकत नाही, त्याला चकचकीत पाट म्हणजे घसरगुंडी.

परत येताना ऋतुराज म्हणाला, "ताई, तो नीट बसतच नाही. त्याला काय करणार?"

निवेदिता गल्लीत थांबली. मागनं स्कूटरवाला भोंगा वाजवत होता, तरी थांबली.

"ऐक. पोर नापास होत नाही. वस्तू नापास होते. हे परत तुझ्या तोंडून ऐकलं तर तुला भिंतीवर टांगीन. खाली खडूनं काय लिहायचं ते पण ठरलंय."

स्कूटरवालाच हसला.

मग त्यांनी माझं पॉलिश तासलं. मला दुखलं, पण बरं वाटलं. वर जाडं टाट, म्हणजे गोणपाट, चिकटवलं. पुन्हा गेलो. आता घसरत नव्हता, पण पाय आवळून घ्यायचा. हॉस्पिटलातल्या थेरपीवाल्या बाईंना बोलावलं. त्यांनी हात लावून दाखवलं, कंबर अशी मागं, गुडघे असे वेगळे, हनुवटी थोडी खाली. मग गुडघ्यांच्या मध्ये गोल ठोकळा बसवला. नंतर थोरल्याच्या दोन्ही बाजूंना कान लावले, म्हणजे कलंडलाच तर धरायला. त्याच्यानंतर धाकट्याची उंची. कोपरं टेकली पाहिजेत, खांदे वर नाही गेले पाहिजेत. एका वेळी एकच बदल. प्रत्येक वेळी त्या पायऱ्या उतरायच्या, बघायचं, परत यायचं. ऋतुराज कंटाळायचा. निवेदिताही कंटाळत असेल, पण तिनं दाखवलं नाही. गंगाला प्रत्येक वेळी विचारायची, "तुम्हाला काय जड जातंय?" कुशलला काय जड जातंय ते बघायची, आणि गंगाला विचारायची.

आणि एका सकाळी ते झालं.

कुशल माझ्यावर बसला होता. सरळ म्हणता येणार नाही, पण बसला होता. पुढे ताटलीत मऊ भात. हातात जाड मुठीचा चमचा. चमचा ताटलीपर्यंत गेला. भटकला. पुन्हा गेला. भात उचलला, अर्धा सांडला, उरलेला गालाला लागला. आणि मग तोंडात गेला. स्वतःचा घास, स्वतःच्या हातानं.

गंगा बाजूला बसली होती. तिचे दोन्ही हात रिकामे. तिला कळेना त्यांचं काय करायचं. आधी पदर नीट केला, मग जमीन पुसली, मग नुसतेच मांडीवर ठेवले. निवेदिता हळूच म्हणाली, "गंगाबाई, तुम्हीपण खाऊन घ्या ना."

चुलीवरची रोटी तिनं उतरवली. गरम होती. एवढ्या वर्षांत पोरगा जेवताना तिनं गरम रोटी खाल्ली नव्हती. तिनं तोडली, फुंकर मारली आणि खाल्ली. त्या दिवशी मी कुणाचं वजन पेलतोय ते मला कळलं. फक्त कुशलचं नव्हे.

आता तुम्हाला वाटेल, झालं. मलाही तसंच वाटलं होतं.

शाळेत नेलं. घाटाच्या वर छोटी शाळा आहे. एक मोठी खोली, मध्ये दोन लांब पट्ट्या अंथरलेल्या, त्यावर पोरं समोरासमोर बसतात. खिचडीचा दिवस होता. मला कुठं ठेवायचं? थोरल्याला टेकायला भिंत हवी. म्हणून मला भिंतीशी मांडलं. पोरांच्या रांगा मधोमध, आणि कुशल एकटा भिंतीला पाठ लावून, सगळ्यांच्या समोर, पुढे पितळी फुल्यांचा पाट.

मग रुची नावाच्या एका पोरीनं मान वळवली. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, जीभ सुरीसारखी.

"अरे, दामाद जी आ गए!"

खोली फुटली. "दामाद जी, मिठाई लाए हो?" "दामाद जी, घोड़ी कहाँ है?" कुणी हातानं शहनाई वाजवली.

कुशलनं तोंड मिटलं. असं मिटलं की गंगा आली, निवेदिता आली, लाड केले, चमचा ओठाला लावला, पण उघडेना. नजर खाली. अंग ताठ. ठोकळा त्याच्या गुडघ्यांना रुतत होता, मला कळत होतं. मला इतका राग आला! वाटलं, त्या रुचीच्या बोटात एक कुसळ घुसवावं. बारीकसं.

अंबिका मॅडम हातात डाव घेऊन उभ्या होत्या. त्या काही दुष्ट नाहीत. पण थकलेल्या होत्या.

"निवेदिताजी, बसतो हे बघितलं मी. पण खात नाही. उपाशी पोराला दिवसभर ठेवू कसं? सोमवारी एकदा बघू. नाही जमलं तर घरी राहू दे, मी काहीतरी अभ्यास पाठवत जाईन."

गंगानं कुशलला उचललं. पायऱ्या उतरताना तिची पाठ बघितली मी.

खोलीवर आल्यावर ऋतुराज भडकला. "पोरांना दोन लगावायला पाहिजे होत्या! ताई, आपण असं करू. मागच्या पाटाचे कान मोठे करू, पुढपर्यंत. त्याला बाकीची पोरं दिसणारच नाहीत. मग लक्ष ताटात."

"टांग्याच्या घोड्यासारखं?" निवेदिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली, मला घेऊन. पण कुशलला नाही नेलं. मला भिंतीशी ठेवलं आणि स्वतः माझ्या शेजारी जमिनीवर बसली, कुशलच्या डोळ्याच्या उंचीवर. पोरं जेवत होती. ती नुसती बघत होती. तेव्हा मीही बघितलं.

मध्ये पोरांचं काय चाललं होतं! याच्या ताटलीतला बटाटा त्याच्या ताटलीत. एकीचं कोपर दुसरीच्या पोटात. "ए, मेरा मिर्चा ले ले." "तू अपना प्याज दे." रुचीनं तर शेजारच्या पोराची खिचडी बोटानं चाखून बघितली, आपल्यासारखीच आहे का म्हणून. कुणी नुसतं जेवत नव्हतं. आणि भिंतीशी काय होतं? काही नाही. भिंत.

निवेदितानं कपाळावर हात मारला. खरोखर मारला, आवाज झाला.

"आमच्याकडे मान भिंतीशी असतो," ती स्वतःशीच पुटपुटली. "म्हणून कुणाच्या डोक्यातच आलं नाही."

मित्रांनो, बघा बरं. आम्ही पंगतीतले पाट. आमचा जन्मच भिंतीशी. थोरल्याला भिंत लागते हे आम्हालाही खटकलं नाही, मावशीला नाही, निवेदिताला नाही. जावयाला भिंतीशी एकटं बसवलं की त्याला बरं वाटतं. पोराला वाटत नाही.

ती पळतच खोलीवर आली. "ऋतुराज, भिंत काढायची."

"कुठली भिंत? मालक मारेल!"

"अरे, पाटाची! मागे टेकू लाव. फोटो फ्रेमला असतो तसा, दुमडणारा. हा कुठंही उभा राहिला पाहिजे. आणि ताटाची फळी वाढव. एका बाजूनं. दुसरं ताट मावेल एवढी."

"दुसरं ताट कुणाचं?"

"शेजाऱ्याचं."

ऋतुराजनं तिच्याकडे बघितलं. मग हसायला लागला. "ताई, पण एका वेळी एकच बदल ना?"

"गप. टेकू धर."

शिसवी कुठं मिळणार ऐनवेळी? आंब्याची फळी होती, तीच जोडली. धाकटा आधी नाराज झाला. ॲसिडचे डाग काय कमी होते, वर परका रंग. ऋतुराजनं आधी स्वतः खोलीच्या मधोमध माझ्यावर बसून जेवून बघितलं आणि शेजारी निवेदिता जमिनीवर बसली, दुसऱ्या बाजूला ताटली ठेवून. त्यानं तिची चटणी पळवली. "चालतंय," तो म्हणाला.

सोमवार आला. इंदूमावशी पण आली होती, "माझे पाट आहेत" म्हणत. आंब्याची फळी बघून तिनं नाक मुरडलं. "शिसवीला आंबा? काय गं हे!" मग दाराशी गंगाच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

मला पट्टीवर मांडलं. रांगेत. कुशलला बसवलं. टेकू घट्ट बसला. पुढे लांब फळी, तिच्यावर एका बाजूला कुशलची ताटली. दुसरी बाजू रिकामी.

पोरं बघत राहिली. कुणी सरकेना. कुशलनं तोंड मिटून घेतलेलं. गंगाच्या हातात पदराचं टोक, मुठीत आवळलेलं. अंबिका मॅडमनी वाढायला सुरुवात केली. एकेक ताटली करत पुढे येत होत्या. कुशलपर्यंत आल्या, वाढलं, थांबल्या.

निवेदितानं कुणाला हाक मारली नाही. "बसा रे त्याच्याजवळ" असं म्हणाली नाही. मला वाटत होतं, म्हण ना बाई, म्हण काहीतरी! ती दाराशी हाताची घडी घालून उभी. तिनं जागा करून दिली होती. बसायचं की नाही ते पोरांचं.

रुची उठली. ताटली हातात घेऊन कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली.

"ई जगह केकर हौ?" ही जागा कुणाची, असं तिचं विचारणं.

तिनं कुशलकडे बघितलं. "तोहार?"

कुशलनं मान हलवली. त्याची मान हलली की सगळं अंग हलतं, मीही हललो. नाही म्हणाला.

"त हमार!" रुची म्हणाली आणि धपकन बसली. ताटली फळीवर आपटली. फळीला धक्का बसला आणि तिच्या ताटलीतली खिचडी उडून कुशलच्या नाकावर जाऊन बसली.

सगळ्या माना तिकडे वळल्या.

कुशलनं डोळे तिरपे करून आपल्या नाकाकडे बघितलं. आणि हसला. ते नाव हलवणारं हसू! तोंड उघडलं ते मिटेना. रुची पण हसली, पडलेल्या दातातनं. म्हणाली, "का दामाद जी, नाक से खइबा?" मग स्वतःची खिचडी खायला लागली. आणि कुशलचा चमचा निघाला. भटकला, सांडला, पुन्हा गेला, आणि तोंडात. आणखी एक. मध्येच त्याचा चमचा चुकून रुचीच्या ताटलीत गेला. चुकून की मुद्दाम, ते मला अजून माहीत नाही. तिनं त्याच्या चमच्यावर आपला चमचा हाणला. टण्!

खिचडी फळीवर, पट्टीवर, रुचीच्या फ्रॉकवर.

अंबिका मॅडम वळल्या. डाव वर करून ओरडल्या, "ए कुशल! ए रुची! गिराओ मत! दोनों को पोंछना पड़ेगा, कहे देती हूँ!"

दाराशी गंगानं पदर तोंडाला लावला. मावशी घाबरली, म्हणाली, "अहो रडू नका, ओरडल्या तरी रागानं नाही हो."

गंगा रडत नव्हती. हसत होती. आजवर सगळे तिच्या पोराला "बेचारा" म्हणत आले. आज पहिल्यांदा कुणीतरी त्याला बाकीच्या पोरांसारखं रागावलं होतं. म्हणजे तो त्यांच्यातला झाला होता. मॅडम पुढच्या ताटलीकडे गेल्या, मग परत आल्या आणि न विचारता कुशलला अजून एक डाव वाढला. घरी नेण्याचं कुणी काही बोललंच नाही.

मावशीनं माझ्याकडे बघितलं. आंब्याच्या फळीकडे बघितलं. म्हणाली, "चार जणांसाठी नाही का करता येत?"

तेव्हापासून बरंच झालं. मला बघून निवेदितानं आणखी पाट केले, साध्या लाकडाचे, हलके, आईला एका हातात उचलता येतील असे. सगळ्यांना मागे टेकू आहे, सगळ्यांची फळी दोन ताटांची आहे. कुशल वाढला, माझ्यात मावेना, त्याला मोठा पाट करून दिला. मी आता दुसऱ्या पोरांकडे जातो. कुणाकडे काही महिने, कुणाकडे वर्ष. शेजारच्या बाजूवर इतक्या कोपरांनी घासलंय की आंब्याचा रंग शिसवीसारखा काळा व्हायला लागलाय. धाकटा आता त्या फळीला आपली मानतो.

एका घरी मात्र करवत निघाली होती. खोली लहान, फळी आडवी येते, आणि घरात दुसरं मूलच नाही, मग अर्धी फळी कशाला, असं त्या घरच्या बाबांचं म्हणणं. करवतीचे दात फळीवर टेकले होते. निवेदिता तेवढ्यात पोचली. भांडली नाही. तिथंच खाली बसली, त्या रिकाम्या बाजूला आपला चहाचा पेला ठेवला आणि पोराशी गप्पा मारत प्यायली. बाबांनी थोडा वेळ बघितलं. मग करवत बाजूला ठेवून आपलं ताट घेऊन आले.

मित्रांनो, मला जास्त काही नको. खरकटं राहिलं तर मुंग्या लागतात, म्हणून जेवण झालं की लगेच पुसा. धुतलं तर उन्हात उभं करा, आडवं टाकू नका, फुगतो मी. टाट कुजलं की बदला. स्क्रू सैल झाला की आवळा, मूल पडायची वाट बघू नका. आणि कुणासाठी काही बनवत असाल तर आधी त्याच्या शेजारी खाली बसून बघा, तिथून काय दिसतं ते. नापास झालं तर लाजू नका, पुन्हा करा.

पण फळी कापू नका. ती बाजू आज रिकामी असेल. उद्या कुणी तरी येऊन धपकन बसेल, सांडेल, भांडेल. त्याच्यासाठी जागा लागते. आणि घाई करू नका. आमच्या पोरांना एक घास तोंडात जायला वेळ लागतो. तुमचं संपलं तरी उठू नका, बसून राहा शेजारी. जागा आहे. बसा, आणि सावकाश होऊ द्या.